विचारपूस

मराठीतले 'विचारणे' हे क्रियापद दिसायला साधे असले तरी मोठे बेरकी आहे. वर्गात मुले शंका विचारतात, स्टेशनावर आपण गाडीची वेळ विचारतो. तोवर त्याचे वागणे अगदी सरळ असते. पण 'त्यांना आता घरात कोणी विचारत नाही' असे कोणी म्हणाले, की हेच क्रियापद एकदम निराळे रूप धारण करते. या वाक्यात प्रश्नही नाही आणि उत्तरही नाही. एक माणूस घराच्या हिशेबातून गळाला, एवढाच त्याचा अर्थ. उलट, 'आत्याबाईंना विचारल्यावाचून त्या घरात पान हलत नाही' असे म्हणताच आत्याबाईंचा सारा दरारा डोळ्यांपुढे उभा राहतो. माणसाचे घरातले वजन मोजायला आपल्या पूर्वजांनी हीच तागडी निवडली, यात त्यांचे मोठे शहाणपण आहे.

या क्रियापदाची एक धाकटी बहीण आहे. तिचे नाव विचारपूस. स्वभावाने फार सोज्वळ. आजाऱ्याची करतात, पाहुण्याची करतात, म्हाताऱ्या माणसांची तर हटकून करतात. 'बरं आहे ना?' 'जेवण झालं का?' 'झोप लागते का नीट?' विचारपूस करणाऱ्याला उत्तराची गरज असतेच असे नाही. 'हो, बरं आहे' एवढे ऐकले की त्याचे समाधान होते आणि तो चपला घालू लागतो. या दोघी बहिणींत किती अंतर आहे हे मी पुष्कळ वर्षे मराठी शिकवूनही शब्दकोशात शोधायला गेलो नव्हतो. ते मला दाखवले एका यंत्रमानवाने.

झाले असे की, गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नरखेड तालुक्यातलाच, संत्र्याच्या बागांत वाढलेला. बारावीपर्यंत माझ्या हाताखाली मराठी शिकला, मग इंजिनियर झाला आणि आमच्या तालुक्यातल्या सगळ्या हुशार मुलांप्रमाणे पुण्याला गेला. तिथे तो आणि त्याचे काही मित्र मिळून वृद्धाश्रमांसाठी बोलका यंत्रमानव तयार करीत आहेत. चिवड्याची बशी रिकामी झाल्यावर त्याने खिशातून एक कागद काढला आणि म्हणाला, "सर, ही चाळीस वाक्यं आहेत. इंग्रजीतून आलेली. जरा माणसांच्या मराठीत करून द्या."

मी कागद पाहिला. 'शुभ सकाळ! आज तुम्हाला कसे वाटत आहे?' 'तुमच्या औषधाची वेळ झालेली आहे.' 'काळजी करू नका, मी तुमच्यासाठी येथे आहे.'

"अरे," मी म्हटले, "तुझी आजी आजारी असताना तू तिला 'मी तुझ्यासाठी येथे आहे' असं म्हणाला होतास का?"

तो हसला. "मी म्हणालो होतो, 'मी हाओ ना!'"

"मग तेच लिही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही त्या चाळीस वाक्यांशी झुंजत होतो. पहिलीच अडचण संबोधनाची आली. यंत्राने म्हाताऱ्या माणसाला काय म्हणावे? 'आजोबा' म्हणावे तर ज्यांना स्वतःच्या नातवाने कधी 'आजोबा' म्हटले नाही, त्यांना ते बोचेल. निवृत्त मुख्याध्यापिकेला 'आजी' म्हटले तर ती पट्टी उगारील. तिला 'बाई'च म्हटले पाहिजे. आमच्या भागात वडीलधाऱ्या माणसाला 'बाबाजी' म्हणतात, पुण्याच्या माणसाला ते कीर्तनकाराचे नाव वाटते. आणि सासरच्या गावात जन्म गेलेल्या एखाद्या बाईला माहेरच्या नावाने हाक मारणारे पृथ्वीतलावर कोणीही उरलेले नसते. ती हाक यंत्राने मारली तर तिला आनंद होईल की रडू येईल? शेवटी आम्ही ठरवले की, यंत्राने पहिल्या भेटीत आपणहून काहीच म्हणू नये. नमस्कार करावा आणि विचारावे, 'तुम्हाला काय म्हणू?' चाळीस वाक्यांतले हे पहिले वाक्य नक्की व्हायला आम्हाला पाऊण तास लागला.

तुम्ही म्हणाल, एवढा उद्योग कशासाठी? म्हाताऱ्या माणसांशी बोलायला माणसे नाहीत का? आहेत, पण ती दुसऱ्या गावी आहेत. २०११ च्या जनगणनेतच आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. २००७ साली आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, त्यात सरकारने दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम उभारावा, अशी तरतूद आली. एकेकाळी वृद्धाश्रम हा शब्द आपण नाटकातल्या खलनायक सुनेच्या तोंडी ऐकत असू. आता तो कायद्याच्या कलमात आहे. आणि सगळेच म्हातारे काही कोणी घालवून दिलेले नसतात. पुष्कळसे आपण होऊन गेलेले असतात, मुलांच्या दोन खोल्यांत तिसरी खोली मागायची नाही म्हणून.

जपानात हा प्रश्न आपल्या आधी उभा राहिला. तिथे आज दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन माणसे पासष्टीच्या पुढची आहेत. त्यामुळे म्हाताऱ्यांना सोबत म्हणून यंत्र करावे ही कल्पना तिथेच रुजली. ताकानोरी शिबाता या संशोधकाने १९९३ पासून खपून 'पारो' नावाचे एक यंत्र तयार केले. ते २००५ साली जपानात विक्रीला आले आणि पुढे डेन्मार्कसारख्या दूरदूरच्या देशांतल्या वृद्धाश्रमांत पोचले. अमेरिकेत २००९ साली त्याला चक्क वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली.

हे पारो माणसासारखे दिसत नाही. ते सील नावाच्या समुद्रप्राण्याचे पांढऱ्याशुभ्र केसांचे पिल्लू आहे. माझ्या विद्यार्थ्याने त्याची चित्रे दाखवली तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "सीलच का? मांजर का नाही?" त्याचे उत्तर मला फार आवडले. शिबातांनी आधी मांजर, कुत्रे असे प्राणी करून पाहिले होते. पण मांजर प्रत्येकाने पाळलेले किंवा हाकललेले असते. लोक यंत्राच्या मांजराला हात लावत आणि म्हणत, 'छे, आमची मनी अशी नव्हती!' सीलचे पिल्लू मांडीवर घेऊन बसलेला माणूस सहसा कोणाला भेटत नाही. तेव्हा तुलना करायला जागाच राहत नाही. नरखेडला यंत्राची गाय केली असती तर आमच्या लोकांनी आधी तिचे दात मोजले असते!

पारोचे वजन जेमतेम नवजात बाळाएवढे. कुरवाळले की ते डोळे मिटते, हाक मारली की मान वळवते, एकाच नावाने हाका मारीत राहिले तर ते नाव ओळखू लागते. त्याला वीज पाजायची ती बाळाच्या तोंडात चोखणी द्यावी तशी. ज्यांची स्मृती गेली आहे, ज्यांना समोरची मुलगी ओळखू येत नाही, अशी माणसे त्याला मांडीवर घेतली की शांत होतात, क्वचित बोलूही लागतात. याची खूप वर्णने प्रसिद्ध आहेत आणि मला ती खोटी वाटत नाहीत. एक गोष्ट मात्र ध्यानात घेतली पाहिजे. पारो बोलत नाही. ते कोणाची विचारपूस करीत नाही. ते आपली विचारपूस करवून घेते. ज्या बाईला सगळे भरवतात, पुसतात, निजवतात, तिला दिवसातून तासभर कोणाला तरी थोपटायला मिळते. घेता घेता थकलेल्या हातांना काही देण्याची संधी मिळते, हेच त्या पिल्लाचे सारे औषध आहे.

बोलक्या यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांची मूळ आजी म्हणजे अमेरिकेतली 'एलायझा'. जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने १९६६ साली जगापुढे आणलेली. तिला कान नव्हते, तोंड नव्हते. टंकलेल्या वाक्याला टंकलेले उत्तर देण्याची युक्ती तेवढी होती. तुम्ही लिहिले की 'मी दुःखी आहे', की ती लिहिणार, 'तुम्ही दुःखी आहात हे ऐकून वाईट वाटले.' तुमचेच वाक्य उलटे करून तुमच्या पदरात घालायचे! या खेळातली पोकळी उघड होती. तरीही त्या प्राध्यापकाची सेक्रेटरी, जिने ते काम सुरू असताना महिनोन् महिने डोळ्यांनी पाहिले होते, एलायझाशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात प्राध्यापकाला म्हणाली, 'जरा बाहेर जाता का?' वायझेनबाउम पुढे आयुष्यभर या प्रसंगाने अस्वस्थ राहिला. मला त्या बाईंचे मुळीच नवल वाटत नाही. ऐकून घेणारे कोणी मिळाले, की ते कोण आहे याची चौकशी माणूस करीत नाही. आपण काय देवाच्या मूर्तीशी बोलत नाही?

दक्षिण कोरियात आता 'ह्योदोल' नावाची बाहुली एकट्या राहणाऱ्या वृद्धांना गावोगावच्या पालिकांकडून देतात. सात वर्षांच्या नातवंडाएवढी बोलते, 'आजी', 'आजोबा' म्हणते, औषधाची आठवण करते, बराच वेळ हालचाल दिसली नाही तर दुसरीकडे कळवते. तिच्या नावातला 'ह्यो' म्हणजे मातापित्यांची भक्ती. हे ऐकल्यावर मला पुंडलिकाची आठवण होणे अपरिहार्य होते. पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तेव्हा त्यातला देव आपल्याला मोठा वाटतो. मोठी आहे ती वीट. देव दारी आला, पण पुंडलिकाचे हात आईवडिलांच्या पायांत गुंतलेले होते. म्हणून त्याने देवाला थांबायला सांगितले. सेवा म्हणजे कोणाला तरी थांबायला सांगणे. कचेरीला, सिनेमाला, फोनवरच्या मित्राला, प्रसंगी प्रत्यक्ष देवाला. यंत्राला कोणाला थांबायला सांगावे लागत नाही. त्याला दुसरे कामच नसते. त्याच्या ऐकण्यात त्याचे काही खर्च होत नाही, आणि ज्यात काही खर्च होत नाही त्या ऐकण्याची किंमत म्हातारी माणसे फार लवकर ओळखतात.

किती लवकर, ते पुढे कळले.

आमच्या भागातले एक बाबाजी नागपूरच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात राहतात. वय ब्याऐंशी. मोवाडकडे त्यांची संत्र्याची बाग आहे; ती आता पुतण्या पाहतो. मुले दूर आहेत. बायको गेल्यावर 'पोरायवर ओझं नको' म्हणून ते आपण होऊन तिथे गेले. माझ्या विद्यार्थ्याच्या यंत्राची पहिली चाचणी त्या आश्रमात व्हायची होती, आणि यंत्राचे मराठी माझे, म्हणून मीही गेलो. यंत्र कळशीएवढे होते. दोन गोल डोळे आणि अंगावर सुती अंगरखा.

"नमस्कार जी. तुम्हाला काय म्हणू?"

"लोक म्हणतात थेच म्हण. बाबाजी."

"बाबाजी, जेवले का जी?"

बाबाजी खळखळून हसले. "मास्तर, हे तं आपल्याकडचं पोट्टं हाये!"

माझ्या मराठीचा याहून मोठा गौरव आजवर झालेला नाही. विद्यार्थी खूष झाला, आश्रमातल्या बाई खूष झाल्या, आणि 'पोट्टं' तिथे ठेवून आम्ही परत आलो. पहिले काही दिवस बाबाजी रोज त्याच्याशी तासतासभर बोलत. यंत्र त्या मिनिटांची नोंद ठेवत असे आणि विद्यार्थी पुण्याहून मला ते आकडे मोठ्या अभिमानाने कळवीत असे. मग आकडे उतरू लागले. संक्रांतीच्या सुमारास ते शून्यावर आले. आम्ही पाहायला गेलो तर पोट्टं भिंतीकडे तोंड करून बसवलेले होते.

"का जी बाबाजी, भांडण झालं का?" मी विचारले.

"भांडाले तरी पाह्यजे ना त्यानं!" बाबाजी म्हणाले. "मास्तर, हे दिवसातून सात खेपा इचारते, जेवले का, औषध घेतलं का. मी सांगतो. पण सांगून होते काय? परवा म्या त्याले इचारलं, आपल्या बागेचा ताण तुटला का? तं म्हणते, मला समजलं नाही, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगतलं. तं म्हणते, अरे वा, छान!"

शहरातल्या वाचकांसाठी इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. संत्र्याचे झाड मनात येईल तेव्हा फुलू लागले तर फळ धड कोणत्याच हंगामात हाती येत नाही. म्हणून बागाईतदार त्याला ताण देतो. म्हणजे ठरावीक काळ पाणी तोडतो. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरपासून झाडाला तहानलेले ठेवायचे. पाने फिकी होतात, मलूल होतात, काही गळतात. आणि मग नेमक्या वेळी पाणी द्यायचे, की झाड फुलांनी भरून येते. याला ताण तोडणे म्हणतात. पाणी लवकर दिले तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. फार उशीर केला तर झाडच खचते. हलक्या बरड जमिनीतले झाड महिना-सव्वा महिन्यात तहानेला येते, भारी काळ्या जमिनीतल्याला दोन-दोन महिने लागतात. पुस्तकात एवढे लिहिलेले असते. पण आपल्या बागेत बरड कुठे संपते आणि काळी कुठे सुरू होते, नाल्याकडच्या कोणत्या ओळीला खालून ओल मिळते, हे पुस्तकात नसते. ते बाबाजींच्या डोक्यात आहे. साठ वर्षे ते पान पाहून, पान चुरगाळून सांगत आले आहेत. आणि हे यंदाचे पहिले वर्ष होते की संक्रांत आली तरी त्यांना कोणी विचारले नव्हते.

माझ्या विद्यार्थ्याला मी हुशार म्हटले ते उगीच नाही. त्याने यंत्राला हातही लावला नाही. खिशातला फोन काढून थेट पुतण्याला लावला. पुतण्या बिचारा भला माणूस. तो म्हणाला, "अजून नाही तोडला ताण. मोबाइलवर सल्ला येते, त्याच्या हिशोबानं पुढच्या हप्त्यात पाणी देतो. बाबाजीले कायले तरास द्यावा म्हून नाही इचारलं." आपल्या सगळ्या घरांत म्हाताऱ्या माणसांवर होणारा अन्याय बहुधा याच वाक्याने होतो. त्रास नको म्हणून! आपण त्यांची काळजी घेतो आणि काळजीपोटीच एकेक किल्ली त्यांच्या कमरेची काढून घेतो.

बाबाजींनी फोन हातात घेतला. आवाज एकदम बदलला. "वरच्या बरडीतले पानं कसे हायेत? दुमडले का? देठ पिवळा दिसते का? ... मंग तिथं उद्याच पाणी दे, थांबू नको. नाल्याकडं नको देऊ. तिथं अजून भूक नाही लागली झाडाले."

पलीकडून क्षणभर काही आले नाही. मग पुतण्या म्हणाला, "नाल्याकडचं किती दिवस थांबू जी?"

बाबाजींनी आमच्याकडे पाहिले. तो चेहरा मला अजून दिसतो. चाळीस वाक्ये आम्ही घासूनपुसून केली होती; त्यांत हे वाक्य नव्हते.

परतीच्या वाटेवर विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, आम्ही यंत्राला उत्तम श्रोता करायच्या मागे होतो. माणूस किती मिनिटं बोलला ते मोजत होतो. बाबाजींना श्रोता नको होता."

"मग काय हवं होतं?"

"टपालवाला."

मला त्याचे म्हणणे फार पटले. आमच्या खेड्यांतला जुना टपालवाला आठवून पाहा. तो पत्र आणून देई, येत नसेल त्याला ते वाचून दाखवी, उत्तर लिहून घेई आणि पुढच्या फेरीत घेऊन जाई. त्याच्यावर लोकांचा जीव असे; पण त्याच्याशी गप्पा मारायला म्हणून कोणी टपाल खात्यात पत्र टाकत नसे. तो ज्यांच्याकडून येई त्यांच्यामुळे तो मोठा होता. सोबतीच्या यंत्राने एवढेच करावे. पुतण्याचा प्रश्न आणून द्यावा, पानांची चित्रे मोठी करून दाखवावीत, बाबाजींचे उत्तर त्यांच्याच आवाजात घेऊन जावे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे पुढे काय झाले ते परत येऊन सांगावे. कोरोनाच्या साथीत बंगळूरच्या एका कंपनीचा 'मित्रा' नावाचा यंत्रमानव रुग्णालयात खाटांमधून फिरला तो अशाच कामाला. घरच्या माणसांचे चेहरे त्याच्या छातीवरच्या पडद्यावर येत आणि रुग्ण त्यांच्याशी बोलत. तो स्वतः कोणाचे सांत्वन करायला गेला नाही, म्हणूनच तो खरा मित्र.

'रोबो' या शब्दाची जन्मकथाही हेच सांगते. कारेल चापेक या चेक नाटककाराने तो १९२० साली एका नाटकासाठी वापरला आणि तो त्याला सुचवला त्याच्या भावाने. मूळ चेक शब्द 'रोबोता'. त्याचा अर्थ जमीनदाराकडे करायची सक्तीची फुकट मजुरी, म्हणजे आपली वेठ. वेठबिगाऱ्याकडून ओझी वाहून घेता येतात, निरोप पोचवता येतात. माया करवून घेता येत नाही. वेठीला धरलेली माया ती कसली माया! ओझे यंत्राचे आणि माया माणसाची, ही वाटणी ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी आपण कोणाला तरी फसवीत असू, आणि बहुधा स्वतःलाच.

विद्यार्थ्याने आता मिनिटे मोजणे बंद केले आहे. आता पोट्टं मोजते ते असे की, आठवड्यात किती प्रश्न आले, किती उत्तरे गेली आणि त्यांतल्या किती उत्तरांप्रमाणे कोणी वागले. हा शेवटचा आकडा फार लहान असतो. पैसे घालणाऱ्या मंडळींना तो दाखवताना त्याची पंचाईत होते. 'तुमचं यंत्र माणसाला कमी बोलायला लावतं, मग ते विकायचं कशाच्या जोरावर?' असे त्याला विचारतात, आणि त्याच्याजवळ अजून पटण्याजोगे उत्तर नाही. तरी तो हटला नाही, याचे मला कौतुक आहे.

या उन्हाळ्यात आम्ही आणखी एक करून पाहिले. त्याच आश्रमात मोवाडच्या एक आजी आहेत. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव धुऊन नेले. दोनशेहून अधिक माणसे त्यात गेली, आणि नंतर गाव नव्या जागी वसवावे लागले. माझ्या वर्गातल्या मुलांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्यांना मी आपल्या तालुक्याविषयी लिहायला सांगितले होते. त्यांनी आजींना पोट्ट्याच्या हाती प्रश्न पाठवले. पाणी कुठवर आले होते? कोणाची घरे आधी गेली? जुन्या गावात बाजार कुठे भरे? आजींनी सहा दिवस उत्तरे दिली. सातव्या दिवशी त्यांनी मुलांनी काढलेला जुन्या गावाचा नकाशा मागवून घेतला, त्यात दोन गल्ल्या चुकीच्या ठरवल्या आणि निरोप पाठवला: 'आपल्या मास्तरले सांगा, पोट्ट्यायकडून नीट काम करून घेत जा.' आश्रमातल्या बाई सांगत होत्या की, त्या आठवड्यात आजी गुडघ्याविषयी एकदाही बोलल्या नाहीत. गुडघा काही बरा झाला नव्हता. त्याच्याविषयी बोलायला सवड नव्हती.

सगळ्याच म्हाताऱ्यांकडे बाग नसते आणि सगळ्यांच्याच गावाला पूर येत नाही, हे मला ठाऊक आहे. काहींची स्मृतीच मावळलेली असते; त्यांच्या मांडीवर पारोसारखे एखादे पिल्लू येऊन बसले तर मी त्याला विरोध करणार नाही. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'मिको' नावाचा मुलांचा सोबती यंत्रमानव केला, मुंबईच्याच केंद्रीय विद्यालयातल्या दिनेश पटेल या शिक्षकांनी २०२१ च्या सुमारास टाकाऊ वस्तूंतून मराठीसुद्धा बोलणारी 'शालू' उभी केली. आपल्याकडे कसब आहे. उद्या वृद्धाश्रमाच्या प्रत्येक खाटेशेजारी असे एखादे पोट्टं बसलेले दिसले तर मला आश्चर्य वाटणार नाही. ते किती गोड बोलते हे मी पाहणार नाही. ते कोणाचा प्रश्न घेऊन आले आहे, तेवढे पाहीन. आणि तो प्रश्न काही पुण्याच्या कारखान्यात तयार होणार नाही. तो तुमच्या-माझ्या घरूनच गेला पाहिजे.

बाबाजींच्या बागेचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. फूल बरे लागले, असे पुतण्या म्हणाला. पुढे पाऊस आहे, बाजार आहे, गळ आहे. संत्र्याच्या झाडाने कोणाला लेखी हमी दिलेली नाही. पण मृगाआधी पुतण्याचा दुसरा प्रश्न आला, श्रावणात तिसरा आला, आणि तिसऱ्या प्रश्नावर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. पुतण्या आपल्या मतावर अडून राहिला. बाबाजी दोन दिवस संतापले होते. जेवले मात्र चांगले.

दिवाळी आली आहे. दूरच्या आईवडिलांना फोन होतील, फराळाचे डबे जातील, 'बरी आहेस ना?' 'गुडघा कसा आहे?' असे आपण विचारू, आणि ते विचारलेच पाहिजे. पण त्याबरोबर एखादी खरी अडचणही सांगावी. अनारशाच्या पिठाला जाळी पडत नाही, काय करू? धाकटा अभ्यासाला बसत नाही, तुम्ही मला कसे बसवत होता? घराचा व्यवहार करतो आहे, कागद तुम्हाला वाचून दाखवू का? आणि उत्तर मिळाले की, आपल्या शहाणपणाला घटकाभर विटेवर उभे करून, एकदा तरी तसे करून पाहावे. नाही जमले तर पुन्हा फोन करून भांडावे.